न ऐकलेल्यांचे तारण : अँडोव्हरचा वाद आणि अहमदनगरचा मिशनरी

नव्या करारातील दोन विधाने शेजारी शेजारी ठेवली, की ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक फार जुनी अडचण उभी राहते. सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितले आहे. तर येशूच्या नावावाचून दुसऱ्या कोणत्याही नावाने तारण नाही, असे प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पेत्र सांगतो. तारण म्हणजे पापाच्या दंडातून सुटका आणि देवाच्या सहवासातील शाश्वत जीवन. ते जर केवळ येशूवरील विश्वासाने मिळत असेल, आणि ज्यांच्या कानावर येशूचे नाव कधी पडलेच नाही अशी माणसे प्रत्येक शतकात बहुसंख्य असतील, तर त्या माणसांविषयी देवाची इच्छा नेमकी काय मानायची, हा प्रश्न दुसऱ्या शतकापासून विचारला जात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात याच प्रश्नावरून अमेरिकेतील एक धर्मशिक्षणसंस्था न्यायालयात गेली, परदेशी धर्मप्रसाराचे तेथील सर्वांत जुने मंडळ सात वर्षे दुभंगल्यासारखे वागले, आणि अहमदनगरला बारा वर्षे काम केलेल्या, मुंबईत जन्मलेल्या एका मिशनऱ्याला आपल्या कामावर परतण्यासाठी खोळंबून राहावे लागले.

वादाची धार कळण्यासाठी आधीच्या उत्तरांची ओळख असावी लागते. दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर याने ख्रिस्त हा देवाचा सनातन शब्द असून त्या शब्दाचे बीज सर्व मानवजातीत पेरलेले आहे, असे मांडले आणि सॉक्रेटिससारख्यांना ख्रिस्तपूर्व ख्रिस्ती ठरवले. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मंडळीबाहेर तारण नाही, हे सूत्र दिले. त्याचा रोख मुळात मंडळीतून फुटून निघालेल्यांवर होता, पण पुढे ते सरसकट सगळ्या अख्रिस्ती जगाला लावले गेले आणि १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने त्यावर अत्यंत कठोर शब्दांत शिक्कामोर्तब केले. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याने रानात वाढलेल्या माणसाची कल्पना केली. अशा माणसाने आपल्या बुद्धीला उमजेल तेवढे चांगले आचरण केले, तर देव त्याला आंतरिक प्रेरणेने किंवा उपदेशक पाठवून आवश्यक ते ज्ञान दिल्यावाचून राहणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. दान्तेने आपल्या महाकाव्याच्या स्वर्गखंडात हीच शंका सिंधू नदीच्या काठी जन्मलेल्या एका निर्दोष माणसाच्या निमित्ताने विचारली, आणि देवाचा न्याय मानवी दृष्टीच्या आवाक्यात येत नाही, एवढ्यावरच ती थांबवली. धर्मसुधारकांमध्ये झ्विंग्लीने हर्क्युलिस आणि सॉक्रेटिस यांना स्वर्गात जागा दिली, त्यावर ल्यूथर संतापला. सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राने मात्र, निसर्गाने दिलेल्या प्रकाशानुसार कितीही काटेकोर आचरण केले तरी ख्रिस्ती धर्म न स्वीकारणाऱ्याचे तारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट नोंदवले. न्यू इंग्लंडच्या मंडळ्या याच कॅल्व्हिनपंथी परंपरेतल्या होत्या.

पुस्तकातला हा प्रश्न प्रत्यक्षात किती जिव्हारी लागतो, हे धर्मप्रसारकांना फार लवकर कळले होते. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोचला. तेथील नवख्रिस्तींनी आपल्या मेलेल्या आईबापांचे काय झाले, असे विचारले, तेव्हा नरकात गेलेल्यांना आता प्रार्थनेचा किंवा दानधर्माचा उपयोग नाही, असे त्याने सांगितले. ते ऐकून ती माणसे रडली आणि त्यांचे रडणे पाहून आपल्यालाही वाईट वाटले, असे त्याने १५५२ च्या जानेवारीत कोचीनहून पाठवलेल्या पत्रात लिहिले आहे. झेवियरने आपली भूमिका बदलली नाही. सव्वातीनशे वर्षांनंतरच्या प्रॉटेस्टंट वादात त्याच जपानचा संबंध पुन्हा आला, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही, कारण जेथे पितरांचे स्मरण हा धर्माचा कणा असतो, तेथे प्रचारकाला हा प्रश्न टाळता येत नाही.

अँडोव्हर हे मॅसॅच्युसेट्स राज्यातील लहानसे गाव. १८०५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने धर्मशास्त्राच्या प्राध्यापकपदावर हेन्री वेअर या युनिटेरियन विद्वानाची नेमणूक केली. युनिटेरियन म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही त्रिमूर्ती नाकारून देवाचे एकत्व मानणारे लोक. या नेमणुकीने दुखावलेल्या सनातनी काँग्रिगेशनल मंडळ्यांनी, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त मानणाऱ्या प्युरिटन वारशाच्या लोकांनी, १८०८ मध्ये अँडोव्हर येथे स्वतंत्र सेमिनरी उघडली. हार्वर्डसारखी घसरण पुन्हा होऊ नये म्हणून संस्थापकांनी एक विश्वासपत्र तयार केले, त्यात कधीही कानामात्रेचा फरक होणार नाही अशी अट घातली, प्राध्यापकांनी दर पाच वर्षांनी त्यावर नव्याने सही करावी असा नियम केला, आणि या सगळ्यावर देखरेख ठेवण्यासाठी विश्वस्तांच्या वर 'व्हिजिटर' नावाचे निरीक्षक मंडळ नेमले. प्राध्यापकाने कोणाकोणाच्या मतांना विरोध करायचा याची त्या पत्रातली यादी नास्तिक, यहुदी, पोपपंथी आणि मुसलमान यांच्यापासून निघून युनिटेरियन व सर्वांचे तारण होईल असे मानणाऱ्या युनिव्हर्सलिस्टांपर्यंत पोचते. भविष्यातील प्रत्येक पाखंडाची वाट आधीच बुजवण्याचा इतका कसोशीचा प्रयत्न क्वचितच कोणी केला असेल.

याच सेमिनरीतल्या विद्यार्थ्यांच्या अर्जावरून १८१० मध्ये 'अमेरिकन बोर्ड' या नावाने ओळखले जाणारे परदेशी मिशनांचे मंडळ स्थापन झाले. त्याचे पहिले मिशनरी १८१२ मध्ये कलकत्त्याला उतरले, कंपनी सरकारने त्यांना थारा दिला नाही, आणि त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला येऊन ठेपले. येथून पुढे जे अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले, ते या मंडळाचे परदेशातील पहिले मिशन होय. हॉल आणि त्याचा सहकारी सॅम्युएल न्यूएल यांनी लिहिलेली पुस्तिका १८१८ मध्ये अँडोव्हरहूनच छापली गेली. जगातील साठ कोटी अख्रिस्ती माणसांचा ख्रिस्ती मंडळ्यांवर हक्क आहे, हा तिचा विषय होता. गावोगावच्या मंडळ्यांतून पैसा उभा राहिला, तरुण तरुणी घरदार सोडून निघाल्या, कॉलरा आणि तापाने मेल्या, त्यामागे ही साठ कोटींची गणना होती. प्रत्येक क्षणाला शेकडो आत्मे विनाशाकडे चालले आहेत, ही धारणा तेव्हा अलंकारिक नव्हती, अक्षरशः खरी मानली जात होती. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर कॉलऱ्याने वारला.

मराठी मुलखात मिशनऱ्यांना भेटलेला श्रोतृवर्ग मात्र या गणितापुढे मुकाट बसणारा नव्हता. १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे पडले, १८४२ मध्ये तेथूनच 'ज्ञानोदय' हे पत्र निघू लागले, आणि मुंबई-पुण्यात शास्त्री व मिशनरी यांचे जाहीर वाद झडू लागले. पुनर्जन्म मानणाऱ्याला एकाच जन्मावर अनंत काळाचा निवाडा होतो, ही कल्पनाच अन्यायाची वाटते. काशीत वाढलेल्या नीलकंठ गोऱ्हे या चित्पावन पंडिताने १८४० च्या दशकात लिहिलेल्या 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती देवाच्या न्यायीपणावर याच अंगाने हल्ला केला होता. तेच गोऱ्हे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, ही गोष्ट निराळी. पंडितांपेक्षा खेड्यांतल्या लोकांचा प्रश्न अधिक साधा होता. नगर जिल्ह्यात मिशनच्या मंडळ्या प्रामुख्याने महार-मांग वस्त्यांमध्ये वाढल्या आणि १८७६–७८ च्या दुष्काळानंतर त्यांत मोठी भर पडली. अशा माणसाच्या दृष्टीने ख्रिस्ती होणे म्हणजे स्वर्गाचा मार्ग सापडणे असेल, तर ज्या बापाने आणि आजोबाने हा मार्ग कधी पाहिलाही नव्हता त्यांची गत काय, हे विचारणे त्याला भागच होते.

अँडोव्हरमध्ये बदल झाला तो १८८१ नंतर. एडवर्ड्स अमासा पार्क हा जुन्या न्यू इंग्लंड परंपरेचा शेवटचा मोठा तर्कपंडित त्या वर्षी निवृत्त झाला आणि त्याच्या जागी विश्वस्तांनी न्यूमन स्मिथ या तरुण पाळकाची निवड केली. स्मिथने जर्मनीत अभ्यास केला होता आणि बर्लिनचे धर्मशास्त्रज्ञ इझाक ऑगस्ट डॉर्नर यांच्या विचारांचा त्याच्यावर प्रभाव होता. ज्याला येशूची ओळखच झाली नाही त्याला मृत्यूनंतर ती होण्याची संधी मिळू शकते, असे त्याने लिहिल्याचे पाहून निरीक्षक मंडळाने १८८२ मध्ये ही निवड फेटाळली. स्मिथ न्यू हेवनच्या मंडळीत पाळक म्हणून गेला आणि पुढच्याच वर्षी डॉर्नरच्या मरणोत्तर स्थितीविषयीच्या लेखनाचे इंग्रजी भाषांतर त्याने प्रसिद्ध केले. त्याला बाहेर ठेवून फारसे काही साधले नाही, कारण त्याचाच थोरला भाऊ एगबर्ट स्मिथ हा सेमिनरीत मंडळीच्या इतिहासाचा प्राध्यापक होता आणि न्यूमनऐवजी नेमलेला जॉर्ज हॅरिसही त्याच विचारांचा निघाला. १८८४ मध्ये या दोघांनी विल्यम ज्युएट टकर, जॉन वेस्ली चर्चिल आणि एडवर्ड हिंक्स या सहकाऱ्यांसह 'अँडोव्हर रिव्ह्यू' हे मासिक सुरू केले. त्यातील संपादकीय लेखांचा संग्रह 'प्रोग्रेसिव्ह ऑर्थोडॉक्सी', म्हणजे प्रगमनशील सनातन मत, या नावाने ग्रंथरूपाने निघाला आणि वादाचे मुख्य साधन बनला.

या प्राध्यापकांचे मत त्यांच्या विरोधकांनी रंगवले तितके सैल नव्हते. पृथ्वीवरील आयुष्य हा माणसाच्या परीक्षेचा काळ असून मृत्यूबरोबर तो संपतो आणि निकाल कायम होतो, ही जुनी शिकवण होती. अँडोव्हरच्या मंडळींनी तीतले बहुतेक सगळे कायम ठेवले. ख्रिस्ताचे बलिदान सर्व मानवजातीसाठी आहे, ख्रिस्त हाच अखेरचा न्यायाधीश आहे, आणि त्याच्यावाचून तारण नाही, हे त्यांना मान्य होते. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की, न्यायाधीश ख्रिस्त असेल तर प्रत्येकाचा न्याय त्याने ख्रिस्ताला दिलेल्या उत्तरावरून व्हायला हवा, आणि ज्याला ख्रिस्त कधी दिसलाच नाही त्याने त्याला नाकारले, असे म्हणता येत नाही. म्हणून ज्यांना या जन्मी सुवार्ता मिळाली नाही त्यांना मृत्यू आणि अंतिम न्याय यांच्या मधल्या अवस्थेत ती मिळेल, असे मानण्यास जागा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात मरणानंतर ख्रिस्ताने बंदीतल्या आत्म्यांना घोषणा केल्याचा आणि मेलेल्यांनाही सुवार्ता सांगितल्याचा जो गूढ उल्लेख आहे, त्याचा त्यांनी आधार घेतला, परंतु सगळा भार त्यावर टाकला नाही. ज्यांनी सुवार्ता ऐकून नाकारली त्यांना ही सवलत नव्हती. शिवाय हे तत्त्व त्यांनी सिद्धांत म्हणून न मांडता अनुमान म्हणून मांडले, हे ते पुनःपुन्हा सांगत राहिले.

विरोधकांची स्थिती पाहिली तर गंमत अशी दिसते की, त्यांच्यातील अनेकांना सगळे अख्रिस्ती जग नरकात गेले असे उघडपणे म्हणवत नव्हते. शतकाच्या उत्तरार्धापर्यंत न्यू इंग्लंडच्या सनातनी गोटातही, ज्या परकीयाने आपल्या सदसद्विवेकाला प्रामाणिक राहून आयुष्य काढले त्याला ख्रिस्ताच्या पुण्याईचा लाभ नकळत मिळू शकेल, असा दिलासा रूढ झाला होता. अँडोव्हरच्या प्राध्यापकांनी नेमक्या याच दिलाशावर बोट ठेवले. ख्रिस्ताला न ओळखता केवळ निसर्गाच्या प्रकाशावर तारण होत असेल, तर ख्रिस्ताची आवश्यकता कोण कमी करतो आहे, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो बिनतोड होता. नास्तिकांपासून युनिव्हर्सलिस्टांपर्यंतच्या यादीवर सही केलेल्या या प्राध्यापकांना पाखंडी म्हटले गेले, पण ख्रिस्ताच्या प्रत्यक्ष ओळखीवाचून कोणाचेही तारण नाही, या मुद्द्यावर तेच अधिक कठोर होते. त्यांना सरसकट उदारमतवादी म्हणून बाजूला काढणारे पुढचे इतिहासलेखन या ठिकाणी चुकते.

असे असताना विरोध एवढा तीव्र का झाला, याचे कारण धर्मशास्त्रात कमी आणि मिशनच्या व्यवहारात अधिक सापडते. ज्यांना सुवार्ता मिळाली नाही त्यांना ती परलोकात मिळणारच असेल, तर नगरला किंवा जपानला माणसे आणि पैसा पाठवण्याची निकड उरत नाही, आणि मिशनची जीवनशिराच तुटते, असा आक्षेप अमेरिकन बोर्डाच्या सभांतून वारंवार घेतला गेला. बोर्डाचे गृहसचिव एडमंड ऑल्डन यांच्याकडे उमेदवारांची छाननी होती. नव्या मिशनऱ्याला ते पत्राने किंवा समक्ष प्रश्न विचारत, मरणोत्तर संधीविषयी त्याने मोघम उत्तर दिले तर अधिक खोलात जात, आणि केवळ आशा बाळगणाऱ्या उमेदवारालाही कार्यकारी समिती, जिला 'प्रुडेन्शियल कमिटी' म्हणत, बहुधा मागे ठेवत असे. अँडोव्हरहून येणाऱ्या तरुणांना याची झळ लागणे अपरिहार्य होते.

याच सुमारास रॉबर्ट ॲलन ह्यूम रजेवर अमेरिकेत होते. त्यांचे वडील रॉबर्ट विल्सन ह्यूम मुंबईत मिशनरी होते आणि 'ज्ञानोदया'चे संपादन त्यांनी काही काळ केले होते. १८५४ मध्ये मायदेशी परतताना ते वाटेत समुद्रावर वारले. मुलाचा जन्म १८४७ मध्ये मुंबईतला. येल विद्यापीठात आणि पुढे अँडोव्हरला शिकून तो १८७४ मध्ये नगरला आला आणि १८७८ मध्ये त्याने तेथे मराठी उपदेशक व पाळक तयार करणारी सेमिनरी सुरू केली. ज्याला मराठी माणसाच्या शंका त्याच्या तोंडून ऐकण्याची बारा वर्षे सवय होती, असा माणूस १८८६ च्या उन्हाळ्यात अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या भोजनसमारंभात बोलायला उभा राहिला, आणि मरणोत्तर संधीची आशा बाळगल्याने मिशनच्या कामाला बाधा येत नाही, अशी ग्वाही देऊन बसला. मरणोत्तर संधीचा उपदेश आपण करतो, असे ह्यूम यांनी म्हटले नव्हते. तरीही जीवनशिरा तुटेल हा सगळा युक्तिवाद ज्या अनुभवावर उभा होता, त्या अनुभवाचा प्रत्यक्ष साक्षीदार उलट बाजूने उभा राहिला होता, आणि समितीला ते परवडणारे नव्हते. त्यांना नगरला परत पाठवण्याचा निर्णय लांबणीवर पडला.

ऑक्टोबर १८८६ मध्ये आयोवा राज्यातील डे मॉइन येथे बोर्डाची वार्षिक सभा भरली, तेव्हा हा एकच विषय सर्वांच्या तोंडी होता. सभेने मृत्यूनंतरच्या परीक्षाकाळाची शिकवण फूट पाडणारी, दिशाभूल करणारी आणि देशातील व परदेशातील मंडळ्यांना घातक असल्याची भीती ठरावाने व्यक्त केली आणि समितीच्या सावधगिरीला पाठिंबा दिला. त्याच ठरावांत, अवघड प्रकरणी मंडळ्यांची परिषद बोलावून उमेदवाराची पात्रता ठरवावी काय, याचा विचार समितीने करावा, अशीही शिफारस होती. काँग्रिगेशनल पद्धतीत धर्मोपदेशकाची कसोटी घेण्याचा अधिकार मंडळ्यांचा असतो. देणग्यांवर चालणाऱ्या एका संस्थेच्या सचिवाने तो हाती घ्यावा, हे नव्या पक्षाला मान्य नव्हते, आणि त्यांच्या बाजूला असलेल्या अनेकांना मरणोत्तर संधीपेक्षा हाच मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटत होता. समितीने परिषदांची सूचना उचलून धरली नाही. ह्यूम यांच्या बाबतीत मात्र पत्रव्यवहार आणि स्पष्टीकरणे होऊन अखेर मार्ग निघाला आणि १८८७ मध्ये ते भारतात परतले. भाषेत आणि कामात मुरलेल्या माणसाला एका भोजनप्रसंगीच्या भाषणासाठी कायमचे गमावणे बोर्डाला जड गेले असावे, असे अनुमान करणे वावगे ठरणार नाही.

डे मॉइननंतर तीन महिन्यांच्या आत, डिसेंबर १८८६ च्या अखेरीस, बॉस्टनमध्ये निरीक्षक मंडळापुढे पाच संपादक-प्राध्यापकांची सुनावणी सुरू झाली. आरोप काही माजी विद्यार्थ्यांनी ठेवले होते आणि दोन्ही बाजूंनी वकील उभे होते, त्यामुळे वर्तमानपत्रांना हा प्रकार जुन्या काळच्या पाखंड-खटल्यासारखा वाटून त्यांनी तो रकानेच्या रकाने भरून छापला. जून १८८७ मध्ये निकाल लागला. पवित्र शास्त्र काही धार्मिक शिकवणुकींतही चुकू शकते, ख्रिस्तातून देवाची ओळख झाल्यावाचून कोणाही माणसाला पश्चात्ताप करण्याची क्षमता येत नाही, आणि या जन्मी ख्रिस्ताला निश्चयपूर्वक न नाकारणाऱ्या सर्वांना मृत्यूनंतर संधी आहे, अशी तीन मते बाळगल्याबद्दल एगबर्ट स्मिथ यांना दोषी ठरवून पदावरून दूर करण्याचा हुकूम झाला. त्याच लेखांची जबाबदारी सारख्याच हक्काने घेणाऱ्या बाकी चौघांविरुद्ध आरोप मात्र टिकले नाहीत. पाच जणांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकासाठी एकालाच शिक्षा देणाऱ्या या निकालाने निरीक्षक मंडळाची प्रतिष्ठा वाढली नाही. विश्वस्त स्मिथ यांच्या पाठीशी राहिले, स्मिथ शिकवत राहिले आणि प्रकरण मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १८९१ मध्ये निरीक्षकांचा निर्णय रद्द केला तो कार्यपद्धतीतील दोषासाठी, विश्वस्तांना आपली बाजू मांडू दिली नव्हती म्हणून. परलोकातील संधीविषयी बोलण्याचा मोह न्यायाधीशांनी टाळला.

बोर्डातला संघर्ष आणखी काही वर्षे रेंगाळला. १८८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या सभेने आधीचे धोरण पुन्हा मंजूर केले आणि त्याच वर्षी वारलेल्या मार्क हॉपकिन्स यांच्या जागी रिचर्ड सॉल्टर स्टॉर्झ यांना अध्यक्ष निवडले. खरी कोंडी झाली ती विल्यम नॉइझ या अँडोव्हरच्या पदवीधराच्या बाबतीत. त्याला जपानला जायचे होते, समितीने त्याला नाकारले, तेव्हा बॉस्टनच्या बर्कली टेम्पल या मंडळीने १८८८ मध्ये त्याला दीक्षा देऊन स्वतःच्या जबाबदारीवर जपानला पाठवले. तेथे तो बोर्डाच्याच मिशनऱ्यांच्या शेजारी काम करू लागला. मिशनची जीवनशिरा तोडणारे मत बाळगणारा माणूस बोर्डाचा पाठिंबा नसताना जपानला जाऊन राहिला, याहून त्या आक्षेपाचे चोख उत्तर वादपटूंना देता आले नसते. ऑक्टोबर १८९३ मध्ये वुस्टरच्या सभेत बोर्डाने मोठ्या बहुमताने नॉइझ यांची नेमणूक करण्यास समितीला सांगितले. ऑल्डन यांनी सचिवपद सोडले. ठरावाने मरणोत्तर संधीची शिकवण खरी ठरवली नाही, खोटीही ठरवली नाही. ती आशा बाळगणारा माणूस मिशनरी होऊ शकतो, एवढेच मान्य केले.

सनातनी पक्षाची भीती खोटी ठरली काय, याचे उत्तर सरळ देता येत नाही. ज्या उन्हाळ्यात ह्यूम अँडोव्हरला बोलले त्याच १८८६ च्या उन्हाळ्यात, त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात, माउंट हर्मन येथे ड्वाइट मूडी यांच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनसाठी नावे दिली आणि त्यातून 'स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट' ही प्रचंड चळवळ जन्मली. तिच्यातल्या बहुतेकांचा ओढा जुन्या मताकडेच होता. म्हणजे विनाशाच्या धारणेने माणसे घराबाहेर पडतात, हे खरे होते. परंतु दुसऱ्या धारणेनेही ती पडतात, हे ह्यूम आणि नॉइझ यांनी दाखवून दिले. फरक पडला तो गेल्यानंतरच्या वागण्यात. समोरच्या माणसाचे आईबाप हरवलेलेच आहेत असे गृहीत धरणारा उपदेशक आणि त्यांच्यासाठीही दार उघडे असेल असे मानणारा उपदेशक तुकारामाचा अभंग सारख्या कानाने ऐकू शकत नाहीत. सप्टेंबर १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत, जी स्वामी विवेकानंदांमुळे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, ह्यूम यांनी हिंदू आणि ख्रिस्ती विचारांतील साम्य व भेद यांवर निबंध वाचला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक लवकरच अहमदनगरला आले आणि ह्यूम यांच्या सेमिनरीत शिकवू लागले. संतांच्या भक्तिमार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे मानणाऱ्या कवीला तेथे नोकरी आणि मान दोन्ही मिळाले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे वाचक त्या वातावरणाशी परिचित आहेत. १८८६ ची समिती निर्णायक ठरली असती, तर त्या सेमिनरीच्या प्रमुखपदी ह्यूम असते की नाही, याची शंका आहे.

या सर्व वादात एक उणीव राहून गेली. डे मॉइनच्या आणि बॉस्टनच्या सभांत परकीयांच्या परलोकाविषयी दिवसचे दिवस बोलणे झाले, पण ते बोलणारे बहुतेक सगळे न्यू इंग्लंडचे पाळक, प्राध्यापक आणि व्यापारी होते. अहमदनगरला आणि मुंबईला तोपर्यंत मराठी पाळक होते, मराठी मंडळ्या होत्या. आपले वाडवडील ज्यांनी प्रत्यक्ष मागे सोडले होते त्यांचे म्हणणे निर्णयाच्या ठिकाणी पोचले ते फार तर ह्यूम यांच्यासारख्या मध्यस्थामार्फत. अँडोव्हरचे प्राध्यापकही याला अपवाद नव्हते. त्यांचा युक्तिवाद ख्रिस्ताच्या सार्वत्रिकतेवरून निघाला होता, नगरच्या शंकेवरून नव्हे.

पुढे अँडोव्हर सेमिनरीची विद्यार्थिसंख्या रोडावली आणि १९०८ मध्ये ती केंब्रिजला, हार्वर्डच्या आवारात हलली. टकर डार्टमथ महाविद्यालयाचे आणि हॅरिस अमहर्स्ट महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. एगबर्ट स्मिथ १९०४ मध्ये वारले. मरणोत्तर संधीची शिकवण विसाव्या शतकात फारशी चर्चेत राहिली नाही, कारण नव्या पिढीतील उदारमतवाद्यांना नरकाचीच धास्ती उरली नव्हती आणि कडव्यांना ती शिकवण कधीच पटली नव्हती. ह्यूम यांनी १९०५ मध्ये मिशनच्या आधुनिक दृष्टीवर ग्रंथ लिहून, देव अख्रिस्ती समाजांतही आधीपासून कार्यरत आहे, या भूमिकेची मांडणी केली. दुष्काळातील सेवेबद्दल त्यांना १९०१ मध्येच कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले होते. अर्धशतकाहून अधिक काळ अहमदनगरशी बांधलेला हा माणूस १९२९ मध्ये अमेरिकेत वारला.